एका चिन्हाचा राग

पुस्तक मार्चमध्ये आलं, कारण मार्चच्या आत अनुदान संपवायचं होतं.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं असेल. कॉलेजला तपासणी समिती येणार होती आणि प्रत्येक विभागाच्या कपाटात जाडजूड परदेशी पुस्तकं दिसली पाहिजेत असं वरून सांगण्यात आलं होतं. पुण्याहून एक विक्रेता आला. आमच्या विभागप्रमुखांनी त्याच्या कॅटलॉगवर चहा पिता पिता खुणा केल्या. खोकी आली, पुस्तकं काचेच्या कपाटात उंचीप्रमाणे लागली. समिती आली, कपाटासमोर उभी राहिली, माना डोलावल्या, काजूकतली खाल्ली आणि गेली. त्या संध्याकाळी कपाटाला कुलूप लागलं.

त्या कपाटात क्वांटम फील्ड थिअरीचं एक पुस्तक होतं. मी तिथेच फिजिक्स शिकवत होते, अकरावी-बारावीला आणि थोडं बी.एस्सी.ला. एम.एस्सी.ला क्वांटम मेकॅनिक्स हा माझा जीव की प्राण होता. पण फील्ड थिअरीचा पेपर आम्हाला नव्हता. शिकवायला माणूस नव्हता म्हणून नव्हता. इलेक्ट्रॉन आणि प्रकाश एकमेकांशी नेमकं काय करतात हे विचारलं की आमचे सर म्हणायचे, "ते पुढे आहे." पुढे म्हणजे कुठे, ते कुणी सांगितलं नाही. मग लग्न झालं, मुलगी झाली, नोकरी लागली. ते 'पुढे' आता काचेआड होतं, माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर.

किल्ली विभागप्रमुखांकडे असायची. मी मागितली.

"कशाला हवंय?" ते म्हणाले.

"वाचायला."

ते मनापासून हसले. "वाचायला? मॅडम, आपल्या सिलॅबसमध्ये कुठे आहे ते?"

"सिलॅबससाठी नाही सर. मला वाचायचंय."

"पीएच.डी. वगैरे करताय का?"

"नाही."

"मग?"

मी किल्लीसाठी हात पुढे केला. त्यांनी खांदे उडवले आणि अट घातली: रेफरन्सचं पुस्तक आहे, घरी न्यायचं नाही, शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर लॅबमध्ये बसून वाचायचं आणि जाताना परत कपाटात ठेवायचं. दोन-तीन आठवड्यांत ही थकेल, असा त्यांचा हिशेब असावा.

आमची लॅब जुन्या इमारतीत होती. उंच खिडक्या, आम्लाने डागाळलेली टेबलं, कोपऱ्यात झाकून ठेवलेले स्पेक्ट्रोमीटर. दार उघडं ठेवलं की कबुतरं आत शिरायची आणि उपकरणांवर घाण करायची, म्हणून ते लोटून घ्यावं लागे. पहिल्या शनिवारी मी टिफिन खाऊन, हात पुसून, पूजेला बसल्यासारखी त्या पुस्तकासमोर बसले. तासाभरात माझ्या कपाळाची शीर उडायला लागली.

अवघड आहे म्हणून राग आला नव्हता. अवघड असणारच होतं. राग आला तो त्या माणसाच्या बोलण्याचा. 'सहज दिसून येईल की.' 'थोड्याशा गणिताने असं मिळतं.' 'वाचकाने हे स्वतः करून पाहावं.' एका ओळीखाली दुसरी ओळ, मध्ये 'सहज', आणि त्या सहजमध्ये मी कागदामागून कागद भरतेय. आधी वाटलं मीच मठ्ठ. मग एकदा ते गणित सुटलं आणि लक्षात आलं की ते सहज नव्हतंच, कुणालाच सहज नसणार. लिहिणाऱ्याला कंटाळा आला होता आणि त्याने आपला कंटाळा माझ्या डोक्यावर ठेवला होता. स्वयंपाक शिकवताना 'आता पुरण शिजवून वाटून घ्यावं, ते सोपं आहे' म्हणणारी एक आत्या आमच्या सासरी होती. तिच्यावर मी जशी चिडायचे, तशी त्या पुस्तकावर चिडले.

एका शनिवारी मी ते पुस्तक टेबलावर जोरात आपटलं. दार ढकलून गणिताचे सर आत डोकावले.

"काय पडलं मॅडम?"

"पडलं नाही. आपटलं."

"काय?"

"हे."

हे सर आमच्याच कॉलेजात गणित शिकवायचे. सायखेड्याचे. घरी शेती, भावांबरोबर एकत्र कुटुंब. रोज एसटीने यायचे-जायचे. शनिवारी दुपारची गाडी चुकली की संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये पेंगत बसायचे. त्यांनी पुस्तक उचललं, उघडलेलं पान उभ्या उभ्या वाचलं, मग स्टूल ओढून बसले.

"लय घाईत लिहिलंय हो ह्यानं," ते म्हणाले. "या ओळीवरून त्या ओळीवर उडी मारलीय. मधला पूलच खाऊन टाकलाय. कागद आहे का?"

त्यांनी तो पूल बांधला. मला कॉम्प्लेक्स इंटिग्रेशन कच्चं होतं, त्यांचं ते हातचं होतं. त्यांना मात्र इलेक्ट्रॉन म्हणजे काय आणि तो या समीकरणात कुठे बसलाय याचा पत्ता नव्हता. ते मी सांगितलं. गाडीची वेळ झाली तेव्हा ते उठले आणि दारात थांबून म्हणाले, "पुढच्या शनिवारी कुठून सुरू करायचं?"

अशी आमची शनिवारची बैठक सुरू झाली. मी घरी आमच्या ह्यांना सांगून ठेवलं होतं. हे सातपूरच्या एका कारखान्यात होते, शनिवारी त्यांची सुट्टी, मुलीला ते सांभाळायचे. मी संध्याकाळी घरी गेले की हे विचारायचे, "किती पानं?" मी कधी म्हणायचे दोन, कधी म्हणायचे अर्धं. एकदा म्हणाले होते, "या वेगाने तुझ्या निवृत्तीपर्यंत पुरेल पुस्तक. स्वस्तात पडलं."

सर कधी पेरू आणायचे, कधी ओला हरभरा. आम्ही दोघं घाटे सोलत भांडायचो. खरं भांडायचो. ते म्हणायचे, ही अनंत उत्तरं येतायत आणि तुमचे लोक ती एकमेकांतून वजा करतात, हे गणित नाही, ही चलाखी आहे. मी म्हणायचे, पण प्रयोगाशी जुळतं. ते म्हणायचे, जुळलं म्हणून चालतं का? मग आमच्या गावचा ज्योतिषीपण कधी कधी जुळतो. मला त्या दिवसांचा इतका आनंद व्हायचा की रागसुद्धा गोड लागायचा.

वर्षभराने आम्ही त्या प्रकरणाशी आलो.

त्यात जे होतं ते साध्या शब्दांत सांगता येतं. एक विद्युतभार रिकाम्या जागेत ठेवला, तर ती रिकामी जागा स्वस्थ बसत नाही. तिच्यात कणांच्या जोड्या क्षणभर उमटतात, मिटतात, आणि त्या भाराला झाकतात. म्हणून लांबून तो भार कमी भासतो. जसजसं जवळ जावं तसतसा तो वाढत जातो. हे सगळं शेवटी एका सूत्रात येतं, आणि त्या सूत्राच्या छेदात एका पदाआधी एक चिन्ह असतं. पुस्तकात ते अधिक होतं. आमचं उणे येत होतं.

आम्ही पुन्हा केलं. उणे. सरांनी एकट्याने घरून करून आणलं. उणे. मी दुसऱ्या रीतीने केलं. उणेच.

यात एक गोम होती. या विषयात काळाचं चिन्ह अधिक धरायचं की उणे, याचे दोन पंथ आहेत, आणि पंथ बदलला की मधली चिन्हंही बदलतात. त्यामुळे आपण कुठेतरी पंथ तर चुकलो नाही ना, हा संशय धरून आम्ही पहिल्या प्रकरणापासून एकेक व्याख्या तपासत पुन्हा वर आलो. अख्खा हिवाळा त्यात गेला. नाशिकची ती थंडी, लॅबची फरशी पायाला चावायची, सर मफलर गुंडाळून फळ्यासमोर उभे, मी खालून ओरडतेय, "इथे आय कुठे गेला? आयचा वर्ग कुठे गेला?" आयचा वर्ग म्हणजे उणे एक, तोच कुठे निसटला असेल ही भीती; पण सगळं जागेवर होतं. आणि पुस्तकाची तर गंमतच होती. सूत्राखालच्या परिच्छेदात तोच लेखक लिहीत होता की जवळ गेल्यावर भार वाढतो. त्याच्या स्वतःच्या सूत्रात आकडे घातले तर तो कमी होत होता. आमच्या सूत्रात वाढत होता.

"मॅडम," सर एके दिवशी खडू खाली ठेवून म्हणाले, "पुस्तक चुकलंय."

"मलाही तेच वाटतंय," मी म्हणाले. "पण आपण दोघांनी म्हणून काय उपयोग? तिसऱ्या कुणीतरी बघितलं पाहिजे."

तिसरा माणूस कोण? नाशिकमध्ये हे वाचणारं दुसरं कुणी आम्हाला माहीत नव्हतं. तेव्हा इंटरनेट वगैरे आमच्यापर्यंत आलेलं नव्हतं. विभागप्रमुख पीएच.डी. होते. स्फटिकांवर का होईना, पण पीएच.डी. होते. मधल्या सुट्टीत मी कागद नीट लावून स्टाफरूममध्ये त्यांच्यासमोर ठेवले.

"सर, जरा बघाल का? पुस्तकात बहुतेक चिन्हाची चूक आहे. आमचं उत्तर उणे येतंय."

त्यांनी कागदाला हातही लावला नाही. माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या गणिताच्या सरांकडे, आणि मग आवाज चढवून अख्ख्या स्टाफरूमला म्हणाले, "अहो ऐका, ऐका. आपल्या मॅडमनी आणि सायखेड्याच्या सरांनी मिळून फॉरेनच्या पुस्तकातली चूक काढलीय!"

हशा झाला. कुणीतरी टाळी दिली.

"कुठे सापडली हो सर?" ते पुढे म्हणाले. "द्राक्षांवर औषध मारताना का?"

आता तर लोक डोळे पुसेपर्यंत हसले. सरांच्या घरी द्राक्षं नव्हतीच, ते फ्लॉवर आणि टोमॅटो करायचे. ही गोष्ट मला का टोचली माहीत नाही, पण आजही टोचते. हसायला लागणारी माहितीसुद्धा नीट गोळा केली नव्हती.

मी म्हणाले, "सर, एकदा कागद तर बघा."

"मॅडम, आधी प्रिलिमचे पेपर बघा. ते अजून आलेले नाहीत माझ्याकडे."

गणिताचे सर उठले, आपला कप नळाखाली धुतला, उपडा ठेवला आणि तासाला गेले. तास सुरू व्हायला अजून वेळ होता.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन कणीक मळताना रडले. ह्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पण तुला माहीत आहे ना तू बरोबर आहेस? मग झालं."

"नाही झालं!" मी ओरडले. "मला माहीत नाहीये! तेच तर!"

हेच कुणाला समजत नव्हतं. मी बरोबर आहे हे मला लॅबमध्ये फळ्यासमोर माहीत होतं. स्टाफरूममध्ये ते निसटलं. एवढे लोक एकदम हसले की दोन आणि दोन चारसुद्धा डळमळतात. रात्री वाटायचं, परदेशातला एवढा मोठा माणूस, जगभर त्याचं पुस्तक लावलेलं, आणि चूक सापडणार कुणाला, तर अकरावीला पडद्यावरची प्रतिमा आणि भिंगाचं सूत्र शिकवणाऱ्या बाईला? शक्य तरी आहे का? आणि असं वाटलं म्हणून मला माझाच संताप यायचा.

पुढचं लवकर झालं. फेब्रुवारीत प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, बसा. हे मी सांगू नये, पण लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"तुम्ही समजू शकता."

"नाही समजत. सांगा."

ते पेपरवेट फिरवत राहिले. "शनिवारी कॉलेज सुटल्यावर दोघंच... लॅबचं दार लावलेलं असतं..."

"कबुतरं येतात म्हणून लावतो."

"असेल, असेल. मी काही म्हणत नाही हो. पण तुमचे मिस्टर..."

"माझ्या मिस्टरांना दर शनिवारी कुठलं पान झालं ते माहीत असतं," मी म्हणाले. "तुम्हाला माहीत नसतं, कारण तुम्ही ते पुस्तक कधी उघडलेलं नाही."

हे मी बोलले याचं मला आजही समाधान आहे. किंमत मात्र मला मोजावी लागली नाही, सरांना लागली. पुस्तक कपाटात गेलं, किल्ली मिळेना. जूनमध्ये संस्थेने सरांची बदली येवल्याच्या शाखेत केली. प्रमुखांनी निरोपसमारंभात भाषण केलं की सर ग्रामीण भागाचे, ग्रामीण विद्यार्थ्यांना त्यांची जास्त गरज आहे. शाल दिली, नारळ दिला. सायखेड्याहून नाशिक जितकं, त्याच्या दुप्पट लांब येवला, तेही गाडी बदलून. सरांनी नारळ माझ्या मुलीसाठी माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "चला मॅडम. आता तुम्ही एकट्या भांडा."

मी भांडले नाही. पुढची काही वर्षं मी पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. क्लास घ्यायचे, पेपर तपासायचे, मुलीचा अभ्यास, सासूबाईंचं आजारपण. शनिवारी दुपारी लॅबवरून जावं लागू नये म्हणून मी मागच्या जिन्याने उतरायचे.

दोन हजार साल उलटून गेल्यावर मला पुण्याला रिफ्रेशर कोर्सला जावं लागलं. बढतीसाठी तो करणं भाग होतं. महाराष्ट्रभरातून आलेले आमच्यासारखे शिक्षक, तीन आठवडे रोज भाषणं. बहुतेकजण मागच्या बाकांवर 'सकाळ' पेपर वाचायचे. एके दिवशी मुंबईहून एक प्राध्यापक फील्ड थिअरीवर बोलायला आले. चांगलं बोलले. फार चांगलं. माझ्या अंगावर काटा आला, इतक्या दिवसांनी ती भाषा ऐकून. चहाच्या वेळी मी त्यांच्यापाशी गेले. मूळ कागद नव्हते, पण ते सगळं मला पाठ होतं. मी पुस्तकाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "सर, त्यात अमुक प्रकरणात छेदामध्ये अधिकचं चिन्ह आहे..."

"अहो, ते होय!" मी पुरतं बोलायच्या आत ते म्हणाले. चहात बिस्किट बुडवत होते. "ते चुकलेलं आहे. मायनस हवं तिथे. सगळ्यांना माहीत आहे. आम्ही मुलांना पहिल्याच तासाला सांगून टाकतो, पुस्तक उघडा आणि पेनने दुरुस्त करून घ्या."

मी तिथे उभी होते आणि मला ऐकू यायचं बंद झालं. पहिल्याच तासाला. पेनने.

"सगळ्यांना म्हणजे कुणाला सर?"

"अं?"

"सगळ्यांना माहीत आहे म्हणालात. म्हणजे कुणाला?"

ते जरा गोंधळले. "म्हणजे... जे या विषयात काम करतात त्यांना."

"आम्हाला माहीत नव्हतं. नाशिकला माहीत नव्हतं." माझा आवाज चढला होता, आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले होते. "आम्ही दोघं पहिल्या प्रकरणापासून सगळं परत तपासत बसलो. अख्खा हिवाळा. आमची चूक शोधत. आम्हाला लोक हसले. माझ्याबरोबर वाचणाऱ्या माणसाला येवल्याला टाकलं. आणि तुम्ही म्हणता सगळ्यांना माहीत आहे!"

"पण बाई, तुम्ही कुणाला तरी विचारायचं ना."

"कुणाला?"

ते वाईट माणूस नव्हते. हा प्रश्न त्यांना खरोखरच कधी पडलेला नव्हता. त्यांच्या इमारतीत खोलीबाहेर पडलं की व्हरांड्यात विचारायला माणूस होता. पुढच्या खोलीत, खालच्या मजल्यावर, कॅन्टीनच्या रांगेत. चुका तिथे तोंडातोंडी दुरुस्त होत होत्या. छापील पान तेवढं आमच्यापर्यंत आलं होतं, व्हरांडा आला नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "पण तुम्ही स्वतः शोधलीत? कशी?" मी समोरच्या पेपर नॅपकिनवर करून दाखवलं. ते मन लावून पाहत राहिले, मधे एका ठिकाणी "हे छान आहे" म्हणाले. ती सरांची पायरी होती. शेवटी सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा, नाशिकसारख्या ठिकाणी बसून यांनी काय केलंय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला त्या टाळ्यांचा हशापेक्षा जास्त राग आला. नाशिकसारख्या ठिकाणी. माकडाने सायकल चालवल्यासारखं.

कोर्स संपल्यावर पहिल्याच मोकळ्या दिवशी मी येवल्याची एसटी पकडली. सरांना फोन करून फक्त येतेय एवढं कळवलं होतं. ते स्टँडवर घ्यायला आले होते. केस पांढरे झाले होते. त्यांच्या कॉलेजकडे जाताना गल्लीतल्या घरांतून हातमागांचे आवाज येत होते. एका दारात वाळत टाकलेल्या रेशमाच्या रंगीत लड्या बघायला मी थांबले नाही. कॉलेजच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकून आम्ही बसलो आणि मी सगळं सांगितलं. सगळ्यांना माहीत होतं, हेसुद्धा.

सरांनी विचारलं, "त्यांनी आपली रीत बघितली का?"

"बघितली. तुमच्या त्या पायरीला छान म्हणाले."

"कुठल्या?"

मी सांगितलं. ते हसले, आणि हसताना त्यांचा चेहरा असा काही वाकडा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

"मॅडम, मी त्यानंतर पुस्तक उघडलंच नाय," ते म्हणाले. "फील्ड थिअरीचं नाय म्हणत. कुठलंच. गाईडवरून शिकवतो. म्हटलं, आपलं डोकं तेवढंच हाय. उगाच उड्या मारल्या. पोरं गणिताला जायचं म्हणायची त्यांनापण सांगितलं, नको, डी.एड. करा." मग म्हणाले, "किती पोरांना सांगितलं असंल मी असं."

"आता कळलं ना पण," मी म्हणाले. "परत सुरू करू. मी महिन्यातून एकदा येईन इकडे."

"आता नाय मॅडम." त्यात तक्रार नव्हती. "आता उतरलं ते."

परतीच्या गाडीत, निफाड मागे पडेपर्यंत, मी खिडकीच्या गजाला धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूम भरलेली असताना मी प्रमुखांसमोर उभी राहिले. मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "सर, त्या पुस्तकातलं चिन्ह चुकलेलंच होतं. उणेच हवं होतं. मुंबईच्या प्राध्यापकांनी सांगितलं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुठलं पुस्तक मॅडम?"

ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. कपाट नाही, कागद नाही, द्राक्षांचा विनोद नाही. ज्यांनी तेव्हा टाळी दिली होती तेही डबे खात होते. मी एकेकाचा चेहरा पाहिला. कुणाच्याही तोंडावर काही उमटलं नाही. इतकी वर्षं मी या खोलीवर जळत होते आणि या खोलीत त्यातलं काहीही शिल्लक नव्हतं.

"किल्ली द्या," मी म्हणाले.

त्यांनी दिली. बहुधा माझा चेहरा बघून दिली. मी पुस्तक काढलं, ते पान उघडलं, अधिकच्या चिन्हातली उभी रेघ पेनने खोडली आणि पुस्तक पर्समध्ये न मावल्यामुळे हातातच धरून सगळ्यांसमोरून घरी नेलं. रेफरन्सचं पुस्तक आहे, अशी आठवण मला कुणीही करून दिली नाही.

पुढे मी एकटीने वाचत राहिले. अजूनही अर्धं पान, कधी दोन पानं. अजूनही 'सहज' शब्द आला की शीर उडते. काही प्रकरणं कळली, काही नाहीच कळली. शहरात सायबर कॅफे निघाले, पण तिथल्या प्लायवूडच्या खोक्यात बसून पुस्तकातल्या चुकांची यादी शोधायचं मला बरेच दिवस सुचलंच नाही. सुचल्यावरही मी गेले नाही. तो हट्ट होता, हे मला ठाऊक आहे.

एकदा निमाणी स्टँडवर सर भेटले. निवृत्तीला आले होते, भाच्याच्या लग्नाच्या खरेदीला नाशिकला आलेले, दोन्ही हातांत पिशव्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनीच विचारलं, "कुठवर आलात?"

मी सांगितलं. रस्त्यावरच्या गोंगाटात, बसचे कंडक्टर ओरडत असताना, मी त्या नव्या प्रकरणाचं गणित तोंडी सांगत राहिले आणि ते पिशव्या खाली न ठेवता मान हलवत ऐकत राहिले. एका ठिकाणी म्हणाले, "थांबा, तिथं दोनने भागलं का?" मी म्हणाले, भागलं.

"ह्याच्यात पण चुका आहेत का?"

"दोन सापडल्यात."

"खात्री हाय?"

"आहे."

"कुणाला विचारलं?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

त्यांची गाडी फलाटाला लागली. ते पिशव्या सांभाळत गर्दीत शिरले.